अर्ध्या टँकरची धास्ती

प्रश्न: माझा भाऊ तेलविहिरींवरचं खारं पाणी टँकरने वाहतो. भरलेल्यापेक्षा अर्ध्या टँकरची धास्ती जास्त, असं म्हणतो. ते कसं?

उत्तर: ताई, खरंय त्याचं. मीही तेच पाणी वाहतो. अर्ध्या टाकीत पाण्याला हलायला जागा मिळते. ब्रेक दाबला की लाट पुढे आदळते, थांबलेली गाडीही ढकलते. आतले पत्र्याचे आडवे पडदे ही लाट मोडतात, पण वळणावर बाजूला झेपावणारी नाही. त्यात हे पाणी समुद्राहून खारट असू शकतं, लिटरला १.२ किलोपर्यंत भरतं. वजनाच्या मर्यादेमुळे टाकी बऱ्याचदा काठोकाठ भरताच येत नाही.

मला मात्र जास्त भीती झाकणाची. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठलेला असू शकतो. आधी सडक्या अंड्यांचा वास. वायू वाढला की नाकच बधिर. झाकण उघडताना वारा पाठीवर घे म्हणावं, आणि छातीवर या वायूचा इशारा देणारा गॅसमीटर हवाच.