पंडूच्या मृत्यूचा दोष माद्रीचा आहे का?

प्रश्न : माद्रीने मोहात पाडले म्हणून पंडूचा मृत्यू ओढवला, असे घरी लहानपणापासून ऐकत आले. पुढे एका प्रवचनात तिचे सहगमन (पतीच्या चितेवर जाणे) म्हणजे प्रेमाची परिसीमा, असेही ऐकले. मग ती दोषी की आदर्श? मूळ महाभारतात काय आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्व (संपादक वि. स. सुखटणकर, 1933) समोर ठेवून हे उत्तर देत आहे. माद्रीला दोषी ठरवणाऱ्या समजुतीला त्यात मुळीच आधार नाही.

हरणाचे रूप घेऊन रतिक्रीडेत रमलेल्या किंदम ऋषीला पंडूने बाण मारला. मरता मरता ऋषी म्हणतो की, मृगया केलीस याबद्दल माझी तक्रार नाही, पण आमचा समागम पुरा होईपर्यंत तू थांबला नाहीस. तूही असाच प्रियेच्या संगतीत मरशील आणि तीही तुझ्यामागून येईल. म्हणजे माद्रीचा शेवटसुद्धा तिचे मत न विचारता तिथेच ठरून गेला. शाप ऐकल्यावर पंडूला आपला पिता आठवतो, तोही कामासक्तीपायी ऐन तारुण्यात गेला होता. आपल्या स्वभावातला धोका त्याला पुरता ठाऊक होता, म्हणूनच त्याने संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला, आणि मुले झाली तीही कुंतीच्या मंत्राने.

116 व्या अध्यायात वसंत ऋतू आहे, पळस आणि आंबा फुललेला आहे, पंडू वनात हिंडतो आहे आणि तलम वस्त्र नेसलेली माद्री एकटीच त्याच्यामागून चालली आहे. तिच्या नेसण्यावर बोट ठेवणाऱ्यांनी पुढचे श्लोकही वाचावेत. एकांतात राजा तिला बळाने धरतो, ती अंगात असेल तेवढ्या शक्तीने धडपडते, त्याला आवरू पाहते, आणि तो शापाचे भय झुगारून देतो. त्याची बुद्धी साक्षात काळानेच मोहित केली होती, असे कवी म्हणतो. इथे काम आणि काळ वेगळे काढताच येत नाहीत. या आकर्षणाचा भयंकरपणा मला त्यातच दिसतो. पण तो मोह पंडूच्या मनातला आहे, आणि त्याची किंमत मात्र जिने विरोध केला तिला मोजावी लागली, हे विसरून कसे चालेल?

कुंतीही प्रथम माद्रीवरच रागावते. मी यांना इतकी वर्षे जपले, तू एकांतात मोह का घातलास, असे ती विचारते, आणि लगेच म्हणते, तू माझ्याहून भाग्यवान, कारण राजाचा आनंदित चेहरा तू पाहिलास. इतक्या वर्षांची पत्नी म्हणून असलेली तहान आणि सवतीबद्दलचा मत्सर या एका वाक्यात उघडे पडतात. माद्रीचे उत्तर साधे आहे : मी वारंवार अडवले, पण त्यांनी स्वतःला आवरले नाही.

आता सहगमनाविषयी. ज्येष्ठ पत्नी म्हणून चितेवर जाण्याचा हक्क कुंती सांगते, तेव्हा माद्री तीन कारणे देते. राजा माझीच इच्छा करीत गेला. त्याची अपुरी राहिलेली वासना मी यमलोकी तरी कशी तोडू. आणि तुझ्या मुलांना मी माझ्या मुलांसारखे वागवू शकणार नाही. तिसरे कारण कीर्तन-प्रवचनांत क्वचितच येते, पण मला तेच सर्वांत खरे वाटते. नकुल-सहदेव लहान आहेत, आणि कुंतीची माया समान राहील पण आपली राहणार नाही, हे ती स्वतः ओळखते. तिच्या निर्णयात ओढ आहे, अपराधाची बोच आहे, मुलांची काळजी आहे. त्याला केवळ प्रेमाची परिसीमा म्हणणे हा तिच्यावर दुसरा अन्याय होईल.

शिवाय ग्रंथातच एक विसंगती आहे. या अध्यायाच्या शेवटी माद्री चितेवर चढते, पण पुढच्या दोन अध्यायांत ऋषी पंडूच्या मृत्यूनंतर सतराव्या दिवशी दोघांची शरीरे हस्तिनापुरात आणतात आणि तिथे त्यांचा राजेशाही इतमामाने अंत्यसंस्कार होतो. ज्या प्रसंगाचे दोन वृत्तान्त ग्रंथातच एकमेकांशी जुळत नाहीत, तो प्रसंग पुढे करून कोणी पत्नीधर्माचा दाखला देऊ लागला, तर त्याला हे अध्याय सलग वाचायला सांगावे.