जीव लावणं सोडू नकोस

सप्रेम जय भीम.

‘यापुढे कुणातच जीव गुंतवायचा नाही, सगळं अनित्यच आहे,’ असं लिहिलंयस. तिची इतक्या वर्षांची साथ तुटल्यावर असं वाटणारच. पण या निर्धाराला धम्माचं नाव देऊ नकोस. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या आपल्या ग्रंथात बजावून ठेवलंय, की उपेक्षेचा, म्हणजे मनाच्या समतोलाचा, जवळचा शत्रू म्हणजे अजाणतेपणातून आलेली बेफिकिरी. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून फसगत होते.

कुसिनारेतला आनंद आठव. 25 वर्षं त्याने भगवान बुद्धांची सेवा केली. त्यांचं महापरिनिर्वाण जवळ आलं तेव्हा तो विहारात जाऊन, दाराला टेकून रडत होता. ‘मला अजून शिकायचंय, आणि माझ्यावर करुणा करणारे गुरू निघाले.’ भगवंतांनी त्याला बोलावून घेतलं. जे जे प्रिय, त्याची ताटातूट होणारच, हे मी आधीच सांगितलं होतं ना, असं म्हणाले. आणि लगेच पुढे म्हणाले, की आनंदा, तू काया-वाचा-मनाने दीर्घकाळ मैत्रीभावाने माझी सेवा केलीस, मोठं पुण्य जोडलंस. भिक्खूंसमोरही त्याची थोरवी सांगितली. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. अनित्यता स्पष्ट सांगितली, पण त्याच्या मायेला कुठे कमीपणा आणला नाही.

मग अडतं कुठे? ‘ती पूर्वीची राहिलीच नव्हती,’ असं तू म्हणतोस. कशी राहील? नोकरीला लागली, शहर बदललं, वडील गेले. तू तरी कुठे तोच आहेस? कॉलेजच्या त्या वर्षातली ती कायम तशीच मिळावी, हा हट्ट आहे. उपादान, म्हणजे घट्ट धरून ठेवणं, ते हेच.

रात्री जुने मेसेज उघडायला हात जातो ना, तिथेच थांब. प्रतीत्यसमुत्पादात, म्हणजे दुःख कशातून कसं उपजतं त्या साखळीत, वेदनेतून (सुखदुःखाच्या जाणिवेतून) तृष्णा म्हणजे हाव आणि तृष्णेतून उपादान येतं. आपल्याला काम करायचंय ते वेदना आणि तृष्णा यांच्यामधे. पोटात खड्डा पडतो, घसा दाटतो, कानशिलं तापतात. ते नुसतं बघत राहा. वाढेल, ओसरेल, पुन्हा येईल. ‘तिने असं का केलं’ हे सुरू झालं की परत श्वासावर ये. पहिले काही दिवस हे जमणार नाही, तरी कर.

आईच्या गुडघ्यांबद्दल ओझरतं लिहिलंयस. तिला डॉक्टरांकडे तूच घेऊन जा, दुसऱ्यावर सोपवू नकोस.

इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचा विचार चांगला आहे. फी नसते. मौन असतं, फोन जमा करावा लागतो. पण तिला विसरायला म्हणून जाणार असशील तर थोडा थांब. तिथल्या शांततेत तिचंच सगळं वर येईल. आणि झोपेच्या गोळ्या चालू आहेत, हे अर्जात लपवू नकोस. अर्ज भरण्याआधी एकदा भेट. रविवारी वंदनेला मी विहारात असतोच.

तुझा,
काका