रोगाचा 'जोर', आणि 'फरक' नावाची फसगत

प्रश्न थोडक्यात असा आहे : ल्युपसच्या रुग्णांसाठी एक प्रश्नावली मराठीत करायची आहे. 'डिसीज अ‍ॅक्टिव्हिटी' काळानुसार कशी बदलते, ते तिच्यातून मोजायचं आहे. पहिल्या मसुद्यात 'रोगाची तीव्रता' असं लिहिलं होतं, ते डॉक्टरांनी खोडलं. मग 'सक्रियता', 'क्रियाशीलता', 'प्रकोप' यांतलं काय घ्यावं? आणि 'गेल्या महिन्यात तुम्हाला काही फरक जाणवला का?' हे वाक्य चालेल ना?

खोडलं ते बरोबरच. शब्दाचं आधी बघू, पण खरी गोम त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

ल्युपसमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटते. त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्त, मेंदू, कुठेही दाह होतो, वाढतो, निवळतो, पुन्हा येतो. या घडीला हा दाह किती चालू आहे, ती अ‍ॅक्टिव्हिटी. रोग किती गंभीर, हा वेगळा प्रश्न. नुसतं पुरळ फुललेलं असेल तर रोग चालू आहे, पण सौम्य आहे. शिवाय वैद्यकीय मराठीत 'तीव्र' हा शब्द 'अचानक उद्भवलेला' या अर्थानेही वापरला जातो. म्हणजे एकाच शब्दावर तीन ओझी झाली.

तिसरी गोष्ट हानीची. समजा, लघवीतून प्रथिन जातंय. मूत्रपिंडात आत्ता दाह असेल तरी ते जाईल, आणि जुना दाह विझून मागे नुसते वण उरले असतील तरी जाईल. पहिल्या वेळी औषध वाढवायचं, दुसऱ्या वेळी ते वाढवून उपयोग नाही, उलट अपायच. म्हणून हानी मोजायचं कोष्टक निराळं आहे. १९९६ साली आलेल्या त्या कोष्टकात बहुतेक गोष्टी किमान सहा महिने टिकल्या तरच हानी म्हणून धरतात, आणि तो आकडा वाढतो किंवा तिथेच राहतो, खाली येत नाही. अ‍ॅक्टिव्हिटीचा आकडा वरखाली होत असतो. 'तीव्रता' हा शब्द जखम आणि वण यांना एकाच पोत्यात घालतो.

माझं मत 'जोर' या शब्दाला. मापाचा शब्द निवडताना मी एक साधी कसोटी लावतो : त्याच्या आधी 'अजिबात नाही', 'थोडा' आणि 'खूप' हे तिन्ही लावून बघायचं. 'थोडा प्रकोप' म्हणता येत नाही, प्रकोप म्हटला की तो झालेलाच. 'क्रियाशीलता' व्याकरणात बसते, तोंडात बसत नाही. 'सक्रियता' शोधनिबंधात ठीक, पण करोनाच्या काळात वर्तमानपत्रांतून रोज 'सक्रिय रुग्ण' वाचताना मला दर वेळी पिशवी घेऊन लगबगीने निघालेला माणूस दिसायचा. 'जोर' मात्र तिन्हींना पुरतो. आजार जोर धरतो, जोर करतो, त्याचा जोर ओसरतो, आज अजिबात जोर नाही असंही म्हणतात. शिवाय जोर कायमचा नसतो हे शब्दातच आहे, म्हणून हानीशी त्याची गल्लत होत नाही.

आता 'फरक'. कोशात याचा अर्थ भेद, तफावत. पण आजारपणाच्या बोलण्यात हा शब्द एकाच दिशेने चालतो. 'औषधाने फरक पडला' म्हणजे बरं वाटलं. 'काही फरक नाही' म्हणजे बरं वाटलेलं नाही. दुखणं बळावलं तर कोणी 'फरक पडला' म्हणत नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाला, महिन्याभरात सांधे आणखी सुजलेली बाई अगदी खरेपणाने उत्तर देईल : 'नाही हो, काहीच फरक नाही.' तुम्ही नोंदवाल, स्थिती जैसे थे. प्रश्न बदल मोजायला निघाला आणि बिघाड तेवढा त्याच्या हातून सुटला.

हे उलटही घडतं, आणि तिथे दोष मराठीचा नाही. टोरंटोत तयार झालेलं आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेलं स्लीडाय हे ल्युपसची अ‍ॅक्टिव्हिटी मोजायचं कोष्टक घ्या. त्यात २४ बाबी आहेत, प्रत्येकीला ठरलेला अंक : फिटचे झटके आले तर ८, सांधेदाह ४, पुरळ २, ताप १. कमाल बेरीज १०५. अंक बाब आहे की नाही यावर मिळतो, किती आहे यावर नाही. बारा सांधे सुजलेले असताना ४, आणि उतरत उतरत तीन राहिले तरी ४. रुग्ण म्हणतो चांगलाच फरक आहे, कागद म्हणतो तसंच आहे. या उणिवेसाठीच पुढे त्याच कोष्टकाला, निम्म्याने सुधारलं तर तेही मोजणारी पुरवणी जोडली गेली. ब्रिटनमधल्या डॉक्टरांची बायलॅग पद्धत वेगळ्या वाटेने जाते. ती एकेका अवयवसंस्थेबद्दल, गेल्या चार आठवड्यांत आधीच्या मानाने काय झालं, असं विचारते : सुधारलं, तसंच आहे, बिघडलं, की नव्याने आलं. ही चार क्रियापदं मराठीत लख्ख आहेत. तीच पर्याय म्हणून छापा आणि 'फरक' काढून टाका.

'गेल्या महिन्यात' हेही बदला. पंधरा तारखेला विचारलंत तर कोणी मागचा कॅलेंडरचा महिना धरेल, कोणी आजपासून मागे तीस दिवस. स्लीडायमध्ये मुळात दहाच दिवसांचं बघतात, पुढे तीस दिवसांची खिडकीही चालते असं दिसून आलं. जी खिडकी असेल ती दिवसांत लिहा.

आणखी एक काटा 'अजून' या शब्दाचा. 'अजून पुरळ आहे का?' याचे अर्थ दोन : जुनंच टिकून आहे का, आणि याशिवाय आणखी आलंय का. ल्युपसमध्ये हा भेद चैनीचा नाही. मूळ स्लीडायमध्ये पुरळ, केसगळती, तोंडातले व्रण यांना अंक मिळायचा तो नव्याने आले किंवा उलटून आले तरच. २००२ च्या सुधारित आवृत्तीने टिकून राहिलेल्यांनाही अंक दिला. म्हणजे एका 'अजून'पायी आकडा दोनाने इकडेतिकडे होऊ शकतो. 'आधीचं पुरळ गेलेलं नाही' आणि 'नवीन पुरळ आलं' अशी दोन सरळ वाक्यं करा.

स्कोअरला 'गुण' म्हणायचा मोह होईल, तो आवरा. 'तुमचे गुण चारावरून बारावर गेले' हे ऐकून रुग्ण पेढे वाटायला निघेल. त्यात औषधाने 'गुण येणे' म्हणजे बरं वाटणे. 'अंक' म्हणा.

'फ्लेअर'ला मात्र आपल्याकडे तयार वाक्प्रचार आहे : दुखणं उचल खातं. स्लीडायच्या एका प्रचलित रूपात अंक तीन किंवा अधिक चढला की सौम्य ते मध्यम उचल मानतात, चढून बाराच्या वर गेला की गंभीर. फक्त मथळ्यात नुसतं 'उचल' लिहू नका, पगारातली आगाऊ रक्कम वाटेल. 'आजाराने उचल खाल्ली का' असं पूर्ण वाक्य घ्या.

'रेमिशन'साठी 'बरा झाला' नको. २०२१ च्या व्याख्येत रोज ५ मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असलं तरी रेमिशन धरतात, म्हणजे रोग गेलेला नाही, औषधाच्या धाकाने गप्प आहे. 'उपशम' नेमका आहे, रुग्णासाठी 'रोग शांत आहे' पुरे. आयुर्वेदात अशा रोगासाठी 'याप्य' असा सुरेख शब्द आहे : उपचार चालू तोवर ताब्यात, थांबले की उसळणारा. प्रश्नावलीत तो कोणाला कळणार नाही, पण डॉक्टरांना जरूर सांगा, आवडेल.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन : 'गेल्या ३० दिवसांत आजाराचा जोर त्याआधीच्या ३० दिवसांपेक्षा वाढला, कमी झाला, की तेवढाच राहिला?' आणि खाली निराळी ओळ : 'पूर्वी नसलेला काही नवा त्रास सुरू झाला का? कोणता?'