घर कोणाच्या नावावर होतं?

प्रिय मित्रा,

लिंचवरचं तुझं टिपण वाचलं. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या हार्लन काउंटीतलं हे कोळसाखाणीचं गाव यू. एस. स्टील या पोलाद कंपनीच्या उपकंपनीने 1917 मध्ये वसवायला घेतलं. ऐन भरात तिथे दहा हजारांच्या आसपास वस्ती होती. शाळा, दवाखाना, दुकान सगळं कंपनीचं. हे तू नेटकं मांडलं आहेस. पण कंपनीने काय बांधलं एवढंच त्यातून कळतं. राहणाऱ्यांच्या हाती काय होतं?

घरापासून सुरुवात कर. कोळसा कंपन्यांच्या गावांत नोकरी गेली की छप्परही जायचं. 1920 च्या मे महिन्यात पश्चिम व्हर्जिनियातल्या मेटवानमध्ये, युनियनमध्ये गेलेल्या कामगारांचे संसार कंपनीने आणलेल्या हत्यारी माणसांनी घराबाहेर काढले. त्याच दिवशी गोळीबारात दहा जण मेले. संपाला उभं राहणाऱ्याने काय पणाला लावलेलं असायचं, हे इथे दिसतं.

त्या काळची एखादी पगारचिठ्ठी मिळाली तर सावकाश वाच. घरभाडं, डॉक्टर, सुरुंगाची दारू, हत्यारांना धार लावण्याची मजुरी, दुकानाची उधारी. हे सगळं आधीच वळतं करून घेतलेलं असायचं. पगाराआधी उचल हवी असेल तर रोख मिळत नसे. कंपनीचं नाव ठोकलेले धातूचे बिल्ले मिळत, आणि ते मुख्यतः तिच्याच दुकानात चालत. मला हा कागद कुठल्याही भाषणापेक्षा बोलका वाटतो.

तरीही लिंचमधली म्हातारी माणसं 'आमचं गाव फार चांगलं होतं' म्हणाली, तर त्यांना खोडून काढू नकोस. अलाबामातून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं, हंगेरी-इटलीतून आलेले लोक, सगळे त्याच खाणीत उतरत होते. मुलांच्या शाळा मात्र वर्णाप्रमाणे वेगळ्या होत्या, तेही लिही. गाव सोडून शहरांत गेलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी ईस्टर्न केंटकी सोशल क्लब काढला. त्यांचे मेळावे अनेक दशकं भरत आले आहेत. ही ओढ खरी आहे, आणि कंपनीला तिचं श्रेय देण्याची गरज नाही. ती शेजारपाजाऱ्यांनी कमावलेली आहे.

पुढे कंपनीने घरं राहणाऱ्यांनाच विकली. तुझ्या टिपणात यावर एकच ओळ आहे, आणि मला सर्वांत जास्त वाचायचं आहे ते नेमकं हेच. त्या कुटुंबांना गाठ. घर नावावर झाल्यावर पहिला बदल काय केला, ते विचार. रंग, कुंपण, वाढीव खोली, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घे आणि मला पाठव.