हौसेने मासेमारी करणाऱ्याने महागडा सोनार फिश फाइंडर घ्यावा का?

सोनार फिश फाइंडर म्हणजे पाण्यात आवाज सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून खाली काय आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. काठावरून गळ टाकत असाल तर नको, पैसे वाया जातील. होडीतून खोल पाण्यात जात असाल तर साधा सोनार मात्र जरूर घ्या. मासे दाखवण्यापेक्षा तो तळ दाखवतो, आणि खरी किंमत त्याचीच: बुडालेलं झाड, एकदम खोल होणारी कड. मासे अशाच जागी थांबतात.

पडद्यावर मासा कमानीसारखा दिसतो; ही कमान मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून परतलेला आवाज असते. यंत्रातून आवाज खाली शंकूसारखा पसरत जातो; तो शंकू २० अंशांचा असेल तर १० मीटर खोलीवर जेमतेम साडेतीन मीटर रुंदीचा तळ दिसतो. लाइव्ह सोनारवर, म्हणजे त्याच क्षणाचं हलतं चित्र दाखवणाऱ्या महागड्या यंत्रावर, आमिषामागे येणारा मासा हलताना दिसतो, बघत राहावं असं! पण वरचेवर जाणं होत नसेल तर तेवढा खर्च करू नका.