वर्णपट हजारो, पण पेशंट किती?

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचे आलेख मिळाले. निवांत बसून दोनदा पाहिले. मेंदूतली गाठ आणि तिच्या शेजारचा निरोगी भाग रामन स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे लेझर टाकल्यावर विखुरणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट बघून, वेगळा ओळखायचा, हे काम तू मनापासून करत आहेस. हजारो वर्णपट जमवलेस, अचूकतेचा आकडाही घसघशीत आलाय. पण ते वर्णपट किती पेशंटचे, हे मला कुठेच सापडलं नाही.

एकाच गाठीवर प्रोब शंभर जागी टेकवला तर शंभर वर्णपट मिळतात, पेशंट मात्र एकच राहतो. त्यातले ऐंशी प्रोग्रामला शिकवायला दिले आणि वीस परीक्षेला ठेवले, तर तो गाठीऐवजी त्या माणसालाच ओळखायला शिकतो. पेपर आधीच फुटलेला असतो म्हण ना! विभागणी पेशंटनुसार कर. ज्याचा एक जरी वर्णपट शिकवणीत गेला, त्याचा एकही परीक्षेत येता कामा नये. तुझा आकडा खाली येईल. येऊ दे. उद्या अनोळखी पेशंट समोर आला की उपकरण कितपत साथ देईल, हे त्या खालच्या आकड्यावरूनच कळणार आहे.

मलाही इथेच ठेच लागली होती. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या आलेखांत १०६२, ११३३ आणि १२९६ या तरंगसंख्यांपाशी, म्हणजे वर्णपटातल्या ठरावीक जागी, टोकदार शिखरं दिसायची, तीही फक्त गाठीच्या नमुन्यांत. दोन महिने मी त्यांचा संबंध पेशींतल्या मेदाशी जोडत बसले. मग एका संध्याकाळी रिकाम्या पट्टीवर मेणाचा थेंब ठेवून तो लेझरखाली धरला. तीच शिखरं, त्याच जागी! गाठीचे नमुने पॅरॅफिन मेणाच्या ठोकळ्यांतून कापलेले होते, निरोगी नमुने गोठवलेले. झायलीन या द्रावकाने धुतलं तरी मेण पुरतं निघत नाही. दोन महिने मी मेण मोजत होते. तेव्हापासून नमुना हातात आला की आधी त्याचा प्रवास लिहून काढते: कधी काढला, किती वेळ उघडा राहिला, कशात बुडवला, कशावर ठेवला. साधी काचसुद्धा ७८५ नॅनोमीटरच्या लेझरखाली स्वतःच उजळते, म्हणून कॅल्शियम फ्लोराइडच्या पट्ट्या माग.

आता ओटीबद्दल, म्हणजे ऑपरेशन थिएटरबद्दल. परवानगी काढून एक अख्खी शस्त्रक्रिया उभ्याने बघ. फ्रोझन सेक्शनचा, म्हणजे गाठीचा तुकडा गोठवून त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा, निकाल यायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर पेशंट भुलीखाली आणि कवटी उघडी. सर्जनचा प्रश्न साधा असतो: इथे अजून कापू की थांबू? गाठीचा गाभा त्यांना बहुतेकदा डोळ्यांनीच कळतो. शस्त्रक्रियेआधी फाइव्ह-एएलए हे औषध पाजलं की निळ्या प्रकाशात गाठ लाल चमकते, पण जिथे मोजक्याच पेशी निरोगी भागात शिरलेल्या असतात तिथे ती चमक मंदावते किंवा दिसतच नाही. तुझी गरज आहे ती त्या कडेवर. तुझे मात्र बहुतेक नमुने गाभ्यातून घेतलेले दिसतात.

रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ला जो प्रकाश पाहिला तो अतिशय क्षीण असतो, आणि ओटीतल्या दिव्यांपुढे तर तो सहज बुडून जातो. तरीही ही वाट धरण्यासारखी आहे, कारण अवरक्त प्रकाशाने तपासायला गेलं तर ओल्या ऊतीतलं पाणी तो शोषून टाकतं, रामनमध्ये ते फारसं आड येत नाही. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी अवश्य वाच. तीन रुग्णालयांतल्या २७८ पेशंटच्या मेंदूतल्या गाठींचे ताजे तुकडे, रंग न लावता, उत्तेजित रामन या रामनच्याच अधिक प्रखर प्रकाराने पाहिले. त्या चित्रांवरून संगणकाने निदान केलं ते अडीच मिनिटांच्या आत. या यंत्राची अचूकता ९४.६ टक्के, नेहमीच्या पद्धतीने पॅथॉलॉजिस्टची ९३.९. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती निराळीच गोष्ट: यंत्र जिथे चुकलं तिथे पॅथॉलॉजिस्ट बरोबर होते, आणि ते चुकले तिथे यंत्र. म्हणून पॅथॉलॉजिस्टना पहिल्या दिवसापासून सोबत घे.

पुढच्या पत्रात आलेख नकोत. एक तक्ता पाठव: प्रत्येक पेशंटसाठी एक ओळ, त्यात नमुने किती, कडेचे किती, गाभ्याचे किती, कशात ठेवले आणि निदान कोणी केलं. तो आला की आपण सविस्तर बोलू.

तुझी,
मॅडम