एफएल स्टुडिओ सोडून रीपरवर यावे का? आणि जुन्या प्रोजेक्टचे काय करायचे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा वर्षे एफएल स्टुडिओ या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरवर बीट्स आणि पार्श्वसंगीत तयार केल्यावर आता आपल्याला गावातल्या भजनी मंडळाचे गायन हार्मोनियम, पखवाज आणि टाळांसह मुद्रित करायचे आहे, त्यासाठी रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर घ्यावे का, आणि घेतल्यास जुने पन्नासेक प्रोजेक्ट तिकडे कसे न्यावेत. मी स्वतः जवळजवळ याच कारणासाठी हा बदल केला असल्यामुळे माझे मत स्पष्ट आहे. रीपरवर अवश्य या, परंतु जुने प्रोजेक्ट तिकडे नेण्याच्या भानगडीत पडू नका.

दोन्हींची घडण मुळातच वेगळी आहे. बेल्जियममधल्या इमेज-लाइन कंपनीचे एफएल स्टुडिओ २००३ पर्यंत फ्रूटीलूप्स या नावाने ओळखले जात होते आणि त्याचा जन्म चौकोनी घरे भरून ठेका रचण्यासाठी झाला होता; म्हणून तिथे आपण आधी पॅटर्न (संगीताचा छोटा तुकडा) रचतो आणि मग तो प्लेलिस्टमध्ये, म्हणजे गाण्याच्या कालरेषेवर, हवा तिथे मांडतो. प्लेलिस्टच्या एखाद्या ओळीचा मिक्सरमधल्या पट्टीशी काही संबंध असलाच पाहिजे असे तिथे नाही. विनअँप या गाणी वाजवण्याच्या सॉफ्टवेअरचा कर्ता जस्टिन फ्रँकेल याने घडवलेल्या रीपरमध्ये मात्र ट्रॅक हीच एकमेव वस्तू आहे: त्यावरच ध्वनिमुद्रण होते, त्यावरच मिडी (आवाज नव्हे, तर कोणता स्वर केव्हा वाजवायचा याची नोंद) राहते, तोच मिक्सरमधली पट्टी असतो आणि इतर ट्रॅक पोटात घेऊन तोच फोल्डरही होतो. एफएलमधून आलेला माणूस पहिला आठवडा पॅटर्न कुठे आहे हे शोधण्यात घालवतो. तो सापडत नाही, कारण तो नाहीच.

हाताची सवय मोडायला त्याहून जास्त दिवस लागतात. एफएलमध्ये डाव्या क्लिकने वस्तू उमटते आणि उजव्या क्लिकने पुसली जाते. रीपरमध्ये उजव्या क्लिकने मेनू उघडतो. माऊसचे चाक तिकडे वरखाली सरकवते, इकडे ते झूम करते. महिनाभर मी दर दोन मिनिटांनी नको तो मेनू उघडून चिडत होतो. रीपरमध्ये या सगळ्या सवयी सेटिंगमधून बदलता येतात, आणि अनेक जण पहिल्याच दिवशी सगळे एफएलसारखे करून घेतात. तसे करू नये असे मला वाटते, कारण मग शिकवणीचा प्रत्येक व्हिडिओ आपल्यासाठी निरुपयोगी ठरतो.

आपण लिहिले आहे की, रीपरमध्ये तेच गाणे ‘पडेल’ वाटते. हा भास सार्वत्रिक आहे आणि त्याचे कारण बहुधा साधे असते. एफएलच्या तयार टेम्पलेटमध्ये मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या पट्टीवर, लिमिटर (आवाजाची पातळी मर्यादेत ठेवणारा इफेक्ट) आधीपासूनच बसवलेला असतो, तर रीपरचा मास्टर रिकामा असतो. एकच वेव्ह फाइल कोणताही इफेक्ट न लावता दोन्हीकडून रेंडर करा (नवी ध्वनिफाइल म्हणून काढा), दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवून एकीची फेज, म्हणजे ध्वनीचा तरंग, उलटी करा आणि वाजवा. दोन्हीकडची पातळी आणि पॅन (डावी-उजवी विभागणी) सारखे असतील, तर काहीही ऐकू येणार नाही.

जुन्या प्रोजेक्टविषयी. एफएलची फाइल रीपर उघडत नाही, त्यामुळे जे न्यायचे ते ध्वनी किंवा मिडी या रूपातच न्यावे लागते. एखादे अर्धवट गाणे खरोखरच पुढे न्यायचे असेल, तर एक्स्पोर्ट करताना मिक्सरचे ट्रॅक वेगवेगळे काढण्याचा पर्याय निवडा, मास्टरवरचे इफेक्ट बंद ठेवा आणि शेवटची शेपटी कापली जाणार नाही याची खात्री करा. नाहीतर रिव्हर्ब (मागे घुमणारा नाद) मध्येच तुटतो. सगळ्या फाइली गाण्याच्या आरंभापासून निघत असल्याने रीपरमध्ये त्या शून्यावर ठेवल्या आणि टेम्पो तोच दिला की जुळतात. मिडीसाठी एफएलमध्ये जो तयार मॅक्रो (एका क्लिकवर चालणारी आज्ञा) आहे, तो प्रत्येक वाद्य काढून त्या जागी मिडी-आउट (फक्त मिडी बाहेर पाठवणारा भाग) बसवतो, म्हणून तो नेहमी फाइलच्या प्रतीवरच चालवा. मी मूळ फाइलवर चालवून वर सवयीने सेव्हही केले होते. शिवाय पियानो रोलमध्ये, म्हणजे स्वर मांडायच्या खिडकीत, मींडीसाठी आपण ज्या स्लाइड नोट्स वापरता, त्या एफएलच्या स्वतःच्या वाद्यांपुरत्याच असतात. मिडीतून मींड येत नाही, नुसते सुटे स्वर येतात.

पूर्ण झालेल्या गाण्यांसाठी हा खटाटोप कशाला करायचा? ती जिथे जन्मली तिथेच राहू द्या. एफएल हे रीपरच्या एखाद्या ट्रॅकवर प्लगइन (दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत चालणारा भाग) म्हणून उघडता येते आणि ते रीपरच्या टेम्पोबरोबर चालते. पियानो रोलच्या बाबतीत रीपर एफएलच्या जवळपासही येत नाही, म्हणून मीही मिडीचे बारीक काम आजही तिथेच करतो.

आता भजनाकडे येतो, कारण रीपरचा खरा उपयोग इथे आहे. सहा मायक्रोफोन लावून मंडळ बसवले की, सहाही ट्रॅक एकदम मुद्रित होतात, आणि नंतर सगळे तुकडे निवडून ‘जी’ दाबल्यावर त्यांचा गट होतो. मग गायकाच्या खोकल्यापाशी ‘एस’ दाबून काप घेतला, तर तो सहाही ट्रॅकवर एकाच जागी पडतो. हे महत्त्वाचे आहे, कारण टाळ प्रत्येक मायक्रोफोनमध्ये शिरलेले असतात आणि एकाच ट्रॅकवर काप घेतल्यास टाळांचा नाद तिथे दचकतो.

दुसरा प्रश्न लयीचा. मंडळाला कानात क्लिक देऊन गायला लावणे मी एकदाच करून पाहिले. सगळे परीक्षेला बसल्यासारखे गायले. अभंग संथ सुरू होतो, लय चढत जाते आणि गजरापर्यंत ती कुठल्या कुठे गेलेली असते. म्हणून क्लिकविना मुद्रण करावे आणि नंतर प्रत्येक आवर्तनाच्या समेवर टेम्पोची खूण ठेवत जावे, म्हणजे रीपरची जाळी (मात्रा दाखवणाऱ्या उभ्या रेषा) वादकाच्या मागे चालते, वादक जाळीच्या मागे नाही. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात दर दोन आवर्तनांना एक खूण मला पुरते. मात्र त्याआधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमबेस (मुद्रण मात्रांना बांधायचे की घड्याळाला, हे ठरवणारी सोय) ‘बीट्स’वरून ‘टाइम’वर न्यायला विसरू नका. मी विसरलो होतो. पहिली खूण हलवताच सगळे मुद्रण नव्या टेम्पोप्रमाणे आपोआप ताणले गेले, पखवाजाचा ‘धा’ ओल्या पिठावर थाप मारल्यासारखा येऊ लागला आणि मी तासभर मायक्रोफोनला दोष देत बसलो.

खर्चाचे सांगायचे तर, एफएलच्या सर्वांत स्वस्त फ्रूटी आवृत्तीत बरीच वर्षे ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. आपल्याकडे तशीच आवृत्ती असेल, तर प्रोड्यूसर आवृत्तीचा खर्च की रीपर असा हिशेब मांडावा लागेल. आपल्यासारख्यांना रीपरचा सवलतीचा परवाना ६० डॉलरला मिळतो, आणि त्याआधी ६० दिवस सर्व सोयींसह ते वापरून पाहता येते. त्यानंतरही ते बंद पडत नाही, फक्त उघडताना आठवण करून देते. त्याचा गैरफायदा वर्षानुवर्षे घेणारे मला ठाऊक आहेत, तरी परवाना घ्यावा. ते ६० दिवस प्लगइन गोळा करण्यात आणि रंगसंगती बदलण्यात संपवू नका. पहिल्याच आठवड्यात मंडळाला बोलवा, एकच अभंग तीन वेळा मुद्रित करा आणि त्यातली चांगली कडवी जोडून एक गाणे पूर्ण करा. कुठे अडलात, तर इथेच विचारा. विचारताना टाइमबेस कशावर आहे ते मात्र आधी लिहा.